औषध हरलं की डोस चुकला?

सुरतेत केमोच्या दिवशी डे-केअरच्या बाकांवर जी मराठी ऐकू येते, तिला बहुतेक वेळा अहिराणीचं वळण असतं. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा इथली खानदेशी कुटुंबं सुरत-भुसावळ गाडीने आली आणि इथलीच झाली. कुणी मागावर, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात, कुणी हिऱ्याच्या घंटीवर. अन्ननलिका, जठर, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांपैकी कुठे कर्करोग निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : केमो लागू पडेल ना? काही महिन्यांनी कधी कधी दुसरा येतो : आधी लागू पडत होती, आता का नाही?

या दुसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरं आज ऐकायला मिळतात. एक प्रयोगशाळेतलं, एक ओपीडीतलं. ही दोन उत्तरं सहसा समोरासमोर येत नाहीत, म्हणून मी त्यांना एका ओट्यावर बसवलं आहे. मामा सुरतेत आयुष्य घालवलेले कर्करोगतज्ज्ञ, मूळचे अमळनेरकडचे. भाची नवी मुंबईत आरएनएवर संशोधन करते. दोघंही मी रचलेली आहेत. त्यांच्या तोंडचं शास्त्र मात्र रचलेलं नाही.

भाची : मामा, तुम्ही फाइलवर लिहिता ना, केमोला प्रतिसाद नाही म्हणून, तिथून माझं काम सुरू होतं.

मामा : आणि तिथे माझं संपतं, असं म्हणायचंय?

भाची : तसं नाही हो. पण प्रतिसाद का नाही, हे तुमच्याकडे कुणी विचारत बसत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन चाललं नाही, इरिनोटेकॅन लावा. तेही चाललं नाही, घरी न्या.

मामा : विचारतो. तू पेशीला विचारतेस, मी माणसाला विचारतो, एवढाच फरक. बरं, तुझी बाजू आधी मांड. पण बाहेर बाकावर बसलेल्या बाईला कळेल अशी.

भाची : आपल्या डीएनएतला जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनं बनवण्याच्या कामी येतो. साधारण वीस हजार जनुकं. उरलेल्या भागाला पूर्वी सरळ कचरा म्हणायचे. पण पेशी त्या भागावरूनही आरएनए, म्हणजे डीएनएच्या नकला, काढते, आणि भरपूर काढते. त्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, म्हणून त्यांना नॉन-कोडिंग म्हणतात. तुमच्या बाईला मी जेकार्डचं उदाहरण देईन. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. त्या कार्डांचं कापड होत नाही, पण कुठला धागा कधी उचलायचा हे तीच ठरवतात.

मामा : हे लिंबायतला लगेच कळेल. पुढे?

भाची : मुख्य प्रकार तीन. मायक्रोआरएनए, वीस-बावीस अक्षरांचे. प्रथिनाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला ते चिकटतात आणि प्रथिन बनू देत नाहीत. दुसरे लांब नॉन-कोडिंग, दोनशे अक्षरांच्या वरचे; त्यांची कामं इतकी वेगवेगळी की अजून यादी पुरी झालेली नाही. तिसरे वर्तुळाकार, दोन्ही टोकं जुळलेले. त्यातले काही मायक्रोआरएनएला स्वतःवर अडकवून निकामी करतात. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी दाखवला, एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. लोक म्हणाले, असेल त्या कृमीपुरता. २००० मध्ये दुसरा सापडला, लेट-७, आणि तो माणसातही निघाला. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी रक्ताच्या एका कर्करोगात दोन मायक्रोआरएनए हरवलेले असतात हे दाखवलं, आणि कर्करोगवाले जागे झाले. अँब्रोस आणि रव्हकन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

मामा : त्यांना नोबेल मिळालं, आनंद आहे. माझ्या पेशंटला काय मिळालं?

मामांचा हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात थोडी घाईही आहे. एखादी गोष्ट उपयोगी आहे का हे विचारण्याआधी ती खरी आहे का हे विचारावं लागतं. भाचीला ते बरोबर समजलं.

भाची : फाइव्ह-एफयू घ्या. १९५७ पासूनचं औषध, आतड्याच्या केमोचा पाया आजही तेच. ते डीएनएला लागणारा एक घटक तयार होऊ देत नाही, शिवाय स्वतः खोटं अक्षर होऊन डीएनएत शिरतं. डीएनएतल्या चुका तपासणारी प्रथिनं ती गडबड ओळखतात, दुरुस्त करायला जातात, जमत नाही, आणि शेवटी पेशी मरते. त्या तपासणाऱ्यांपैकी एक एमएसएच-२. आता मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए पचनसंस्थेच्या बहुतेक कर्करोगांत वाढलेला सापडतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की तो एमएसएच-२ दाबतो. तपासणाराच नाही, मग चूक सापडणार कुणाला? औषध पेशीत शिरतं आणि पेशी आपली वाढत राहते.

मामा : हे कुणाच्या आतड्यात दिसलं?

भाची : ताटलीतल्या पेशींत, आणि उंदरांवर वाढवलेल्या गाठींत.

मामा : नोंद करून ठेव, उंदीर एक. पण फाइव्ह-एफयूचं दुसरं टोक मला रोज दिसतं. दिलेल्या औषधातलं ऐंशी टक्क्यांच्या वर यकृत मोडून टाकतं, डीपीडी नावाच्या एन्झाइमने. हे एन्झाइम ज्याच्यात जन्मतः कमी, त्याला नेहमीचा डोसही विषासारखा चढतो. तोंड येतं, जुलाब थांबत नाहीत, रक्तातले काउंट कोसळतात. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सांगितलं की औषध सुरू करण्याआधी याची तपासणी करा.

भाची : आणि त्या डीपीडीवर लगाम कुणाचा? मिर-२७ए नावाच्या मायक्रोआरएनएचा. तो कमी-जास्त झाला की डीपीडी जास्त-कमी. कुणाला औषध सोसत नाही आणि कुणाला लागू पडत नाही, हे दोन वेगळे खटले तुम्ही समजता. काही वेळा गुन्हेगार एकच असतो.

मामा : हे मात्र मला आवडलं.

भाची : अजून एक आवडेल. २०१७ मध्ये शांघायच्या फांग यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या अशा रुग्णांच्या गाठी तपासल्या, ज्यांचा आजार केमोनंतर उलटला होता. त्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू जास्त सापडला. हा मुळात तोंडातला, हिरड्यांच्या कडेचा रहिवासी. तो आतड्याच्या पेशीत दोन मायक्रोआरएनए खाली आणतो, मिर-१८ए* आणि मिर-४८०२. ते खाली गेले की पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून त्यावर गुजराण करायला लागते. केमोचा मार ती तशी काढून नेते.

मामा : तोंडातला जंतू? आमच्या गुजरातेत तोंडाची काय दशा आहे ते तुला सांगायला नको. मावा, गुटखा, तंबाखू. पुरुषांत इथे तोंडाचाच कर्करोग सगळ्यांत पुढे.

भाची : खारघरच्या अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटाला आपल्याकडच्या रुग्णांच्या जिभेच्या कर्करोगातही हाच जंतू सापडला होता.

मामा : मग साधं मेट्रोनिडाझोल देऊन का बघू नये?

भाची : बघितलंय, त्याच २०१७ मध्ये, अमेरिकेत. जंतू कमी झाले आणि गाठीची वाढ मंदावली. (थोडं थांबून) उंदरांत.

मामा : दोन.

इथपर्यंत भाची पुढे होती असं माझं मत. जंतू, मायक्रोआरएनए आणि पेशीची तग धरण्याची युक्ती यांची अशी सलग साखळी फार कमी वेळा हाती लागते. पण मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता, आणि ते चष्मा पुसतात तेव्हा त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

मामा : आता माझं ऐक. तुमच्या या क्षेत्रात पेपर किती निघतात? अमुक लांब आरएनए, तमुक मायक्रोआरएनएला अडकवतो, म्हणून अमुक प्रथिन वाढतं, म्हणून जठराचा कर्करोग सिस्प्लॅटिनला जुमानत नाही. नावं बदलायची, वाक्य तेच. आणि जठराच्या पेशी म्हणून वापरतात कुठल्या? एसजीसी-७९०१. बीजीसी-८२३. तपासणी झाली तेव्हा त्या निघाल्या हेला पेशी. म्हणजे १९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. जठराचा त्यांच्याशी काही संबंध नाही! आणि त्यांच्यावर सिस्प्लॅटिनचे पेपर निघतच राहिले.

भाची : हे खरं आहे. त्या पेशी आता सदोष म्हणून यादीत आहेत.

मामा : यादीत आहेत, पण जुने पेपर अजून फिरतायत ना? पुढचं ऐक. सिडनीच्या जेनिफर बर्न. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरचे हजारो पेपर तपासले. त्यांत सिस्प्लॅटिन आणि जेमसिटाबिनवरचे पेपरही होते, मायक्रोआरएनएवरचेही. प्रयोगात वापरली म्हणून छापलेली अक्षरमाळ ज्या जनुकाची म्हणून सांगितली, त्या जनुकाची नव्हतीच, असे सातशेहून जास्त पेपर २०२१ मध्ये त्यांनी दाखवले. काही चुका प्रामाणिक असतील. पण ऑर्डर देऊन पेपर लिहून मिळतात, त्याचे कारखाने आहेत, आणि तुझं क्षेत्र त्यांचं आवडतं गिऱ्हाईक आहे. का, ते सांगू? मायक्रोआरएनए हजारांवर, कर्करोग डझनभर, औषधं डझनभर. जोड्या लावत बसायच्या.

भाची : मामा, खोट्या नोटा खऱ्या चलनाच्याच निघतात.

मामा : बोललीस छान. पण गिऱ्हाइकाला नोट पारखता यायला हवी ना? माझ्या टेबलावर रोज एक औषध प्रतिनिधी येतो, एक लॅबवाला येतो. रक्तातून मायक्रोआरएनए मोजू म्हणतो. मी विचारतो, रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर? तुझे कितीतरी मायक्रोआरएनए तांबड्या पेशींतलेच. नळीत थोडं रक्त फुटलं की मिर-१६, मिर-४५१ भराभरा वर. मेमध्ये सुरतेतून नमुना लॅबला पोचेपर्यंत काय होत असेल? आणि मिर-२१ तर जिथे तिथे वाढलेला. हृदय बिघडलं तरी, फुप्फुस बिघडलं तरी.

भाची : म्हणून तर मी रक्तापेक्षा गाठीच्या तुकड्याकडे जाते. पण पुढे जा, अजून राहिलंय तुमचं.

मामा : राहिलंय. एमआरएक्स-३४. गाठ दाबणारा मिर-३४ए, चरबीच्या थेंबात भरून, थेट माणसाला. २०१३ मध्ये सुरुवात. ८५ रुग्ण, त्यात यकृताचे कर्करोगही. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने स्वतःहून थांबवलं. शरीराच्या प्रतिकारशक्तीची भयंकर प्रतिक्रिया आली आणि चार जण त्यात गेले. तुझ्या नोबेलच्या भाषणात हे सांगतात का?

भाची : सांगायला हवं. आणि त्याच चाचणीत तीन रुग्णांची गाठ आकसली होती, त्यात एक यकृताचा होता, हेही सांगायला हवं. आरएनएचं औषध बनत नाही असं नाही, मामा. २०१८ मध्ये पॅटिसिरान आलं. कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान वर्षातून दोनदा टोचतात. दोन्ही छोट्या आरएनएचीच औषधं. ती यकृतात नेमकी पोचवता येतात, कारण यकृताचा पत्ता रसायनशास्त्रज्ञांना मिळालाय. गाठीचा मिळालेला नाही. अडलंय ते तिथे.

मामा : मग मिळेपर्यंत मी काय करू?

भाची : मिळेपर्यंत औषध नको, निदान ओळख तरी करून घ्या. पूर्वी सेटुक्सिमॅब हे औषध आतड्याच्या कर्करोगात सरसकट द्यायचे ना? २००८ च्या सुमारास कळलं की गाठीत केरास हे जनुक बदललेलं असेल तर ते लागूच पडत नाही. आज तपासणीशिवाय तुम्ही देता का?

मामा : नाही. दिलं तर तो पेशंटचा पैसा पाण्यात.

भाची : तीही गोष्ट आधी प्रयोगशाळेतच कळली होती. आणि केरास चांगलं असूनही काही महिन्यांनी सेटुक्सिमॅब थांबतं तेव्हा? पुन्हा डीएनए बघता, नवा बदल सापडतो. काही वेळा काहीच सापडत नाही. २०१७ मध्ये व्हँडरबिल्टच्या रॉबर्ट कॉफी यांच्या गटाने अशाच पेशी घेतल्या. डीएनएत काही नाही, पण एमआयआर-१००-एचजी नावाचा एक लांब आरएनए प्रचंड वाढलेला. त्याच्यातूनच मिर-१०० आणि मिर-१२५बी निघतात, ते दोघं पेशीतल्या विन्ट या संदेशमार्गावरचे ब्रेक काढून टाकतात आणि पेशी औषधाला दाद देईनाशी होते. विन्ट अडवला की औषध परत चालायला लागतं. डीएनएचा रिपोर्ट कोरा आणि पेशंट हातातून चाललेला, अशा वेळी बघायची जागा हीच आहे.

मामा काही वेळ बोलले नाहीत. माझ्या मते भाचीचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. औषधाला न जुमानणं जनुकाच्या कायमच्या बदलातूनच येतं असं नाही. पेशी फक्त जनुकांना दिलेले हुकूम बदलूनही ते साधते, आणि हुकमांतला बदल तत्त्वतः मागे फिरवता येतो. जनुकच तुटलं असेल तर ती सोय नाही.

मामा : ठीक. आता मी माणसाला काय विचारतो ते ऐक. आखाजीला काय होतं?

भाची : आखाजीला? अक्षय्य तृतीयेला खानदेशात सगळे गावी जातात.

मामा : सगळे. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, आणि माझी केमोची सायकल चुकते. पेशंट नंदुरबारकडे गेला की दहा दिवसांनी उगवतो. लग्नसराईत पुन्हा तेच. मग कापेसिटाबिन, फाइव्ह-एफयूचंच गोळीतलं रूप. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, घरीच घ्यायच्या. तळहात सोलतात. मागावरच्या माणसाचे तळहात सोलले तर तो काय करणार? गोळ्या कमी करतो आणि सांगत नाही. विचारलं की मान हलवतो. पाकीट आणायला सांगितलं की त्यात निम्म्या गोळ्या शिल्लक. ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटं बधिर होतात. हिऱ्यावर काम करणाऱ्याला पैलू बोटांनी कळतो. बोटं गेली की रोजी गेली. चौथ्या सायकलनंतर तो येत नाही. सहा महिन्यांनी आला की फाइलवर कुणी तरी लिहितं, केमोला प्रतिसाद नाही. कुठल्या केमोला? दिली तेवढी की ठरलेली?

भाची : पैशाची अडचण तर आता कमी झाली असेल. गुजरातेत आयुष्मान कार्डाची मर्यादा दहा लाख झाली ना?

मामा : जुलै २०२३ पासून. त्याने औषध मिळतं. मागावर पीसवर पैसे मिळतात, बुडालेला दिवस कार्डावर निघत नाही. आणि अजून एक. २०१८ मध्ये आयडिया नावाने सहा चाचण्या एकत्र करून बघितल्या, १२,८३४ रुग्ण. प्रश्न एवढाच की आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो दिली तर? कमी धोक्याच्या रुग्णांत, कॅपॉक्स (कापेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन) दिलं तर, तीन महिने जवळपास तितकेच चालतात. नसांचा ठळक त्रास सुमारे ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आत. त्यात एकही नवा रेणू नाही. फक्त हिशेब. माझ्या हिरेवाल्यांची बोटं त्या हिशेबाने वाचली.

भाची : मामा, तुम्हाला एक विचारते. आम्ही औषधाला न जुमानणाऱ्या पेशी तयार कशा करतो, माहितीये?

मामा : सांग.

भाची : औषधाचा अगदी थोडा डोस द्यायचा, बहुतेक पेशी तगतील इतका. त्यांना सावरू द्यायचं. मग थोडा वाढवायचा. असं महिनोन्महिने. शेवटी ज्या उरतात त्यांच्यावर औषध चालत नाही. मग त्यांच्यात कुठले आरएनए बदलले ते मोजायचं.

मामा : म्हणजे इथे जे नाइलाजाने होतं ते तू ठरवून करतेस?

भाची : तसंच्या तसं नाही. ताटलीत रक्तवाहिनी नाही, यकृत नाही, जंतू नाहीत. केमोतल्या खंडाने गाठीला वाढायला वेळ मिळतो, ती वेगळीच गोष्ट. पण तुमचा अर्धवट डोस आणि माझा आरएनए या दोन विरुद्ध बाजू आहेत असं मला आता वाटत नाही. डोस चुकणं हे माझ्या आरएनएचं एक कारणही असू शकतं.

मामा : असू शकतं. कळणार कसं?

भाची : तुमच्याकडच्या ब्लॉकांवरून. बायोप्सीचा जो मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजीच्या कपाटात पडलेला असतो त्यातला लांब आरएनए तुटून जातो, पण मायक्रोआरएनए बऱ्यापैकी टिकतो. इतका छोटा असतो की मोडायला त्याच्यात फारसं काही उरलेलंच नसतं. वर्षानुवर्षांचे ब्लॉक चालतात. एक केमोआधीचा, एक आजार उलटल्यावरचा. मला दोन्ही हवेत.

मामा : दुसरा नसतो. आजार उलटल्यावर परत बायोप्सी कोण करून घेतो? सीटी बघतो आणि औषध बदलतो.

भाची : मग मला निदान एवढं सांगा : पूर्ण डोस वेळेवर घेऊनही ज्यांची केमो हरली, ते कोण?

मामा : ते फाइलमध्ये असतं.

भाची : आणि फाइल?

मामा : पेशंटच्या घरी. डिंडोलीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटावर.

दोघंही हसले, पण मला वाटतं हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. ज्याची केमो खरोखर हरली आणि ज्याला ती पुरती मिळालीच नाही, अशा दोघांना आपण एकाच ओळीत उभं करतो. मग त्या मिश्र ओळीतून नमुने घेऊन आरएनए मोजले तर हाती गोंधळ येणार. जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांनी कितीही नेमकी यंत्रं लावली तरी हा गोंधळ यंत्राने निवळत नाही. ताटलीत डोस कधी चुकत नाही, म्हणून तिथल्या निष्कर्षांना हा प्रश्न पडतच नाही. इथे भाचीला मामांची गरज आहे. मामांनाही भाचीची आहे, कारण पूर्ण डोस घेऊनही ज्याची गाठ वाढली त्या माणसाला आखाजीचं कारण सांगता येत नाही. शिवाय मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या मोठ्या आतड्याच्या रुग्णांच्या नोंदींत सरासरी वय पन्नाशीच्या आतलं निघालं आहे. पश्चिमेत हा म्हातारपणाचा आजार समजतात. आपल्याकडची गाठ वेगळी वागत असेल, तर परक्या देशाच्या पेशींवरून काढलेली आरएनएची यादी इथे जशीच्या तशी लागू पडेल असं धरून चालता येणार नाही.

नोंदी ठेवणं सुरतेला नवं नाही. १९९४ च्या प्लेगमध्ये इथून गाड्या भरभरून माणसं पळाली, त्यात खानदेशीही होते. पुढच्याच वर्षी आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांची आठवण लोक झाडूसाठी, शहर स्वच्छ केलं म्हणून काढतात. पण त्या काळात महानगरपालिकेने दवाखान्यांकडून आजारांचे आकडे रोजच्या रोज मागवायला सुरुवात केली, त्याची आठवण कुणी काढत नाही. मला ते काम झाडण्याइतकंच मोठं वाटतं. तापाचे आकडे रोज गोळा करणाऱ्या शहराला केमोचा कुठला डोस ठरला आणि कुठला दिला, एवढं लिहून ठेवणं जड जाऊ नये.

भाची : मामा, तुमच्या ज्युनियरला सांगा, प्रत्येक सायकलला ठरलेला डोस आणि दिलेला डोस, दोन रकाने. बाकी काही नको.

मामा : सांगतो. तू एक कर. पुढच्या वेळी पेपर लिहिशील तेव्हा वापरलेल्या पेशींची ओळख तपासून घेतल्याचा दाखला जोड. आणि तुझी अक्षरमाळ नीट तपास.

भाची : ते आम्ही करतोच.

मामा : सगळे करत नाहीत, हे तूच मघाशी कबूल केलंस.

त्यांचं पुढे चालू राहिलं. आता ज्या वाचकांच्या घरी केमो सुरू आहे त्यांच्यासाठी थोडं. पचनसंस्थेच्या कर्करोगात केमो कुठली द्यायची हे नॉन-कोडिंग आरएनए मोजून ठरवा, असं जगातली कुठलीही प्रमुख मार्गदर्शिका आज सांगत नाही. तशी चाचणी करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केरास आणि एमएसआय (गाठीतली डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का ते सांगणारी) या तपासण्यांबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, त्यांच्यावर औषध ठरतं. फाइव्ह-एफयू किंवा कापेसिटाबिन सुरू होण्याआधी डीपीडीचंही विचारा. बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे ते विचारून फाइलवर लिहून ठेवा, आणि हॉस्पिटल बदललं तर तो बरोबर न्या. गोळ्या चुकल्या असतील, सायकल टळली असेल, तळहात सोलले म्हणून डोस कमी केला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील. तरी सांगा, कारण तुमचं पुढचं औषध त्यावर ठरणार आहे.